युटाच्या दऱ्यांतून, उंचीला भिऊन

अमेरिकेत नोकरीला असलेल्या मुलांकडे आपल्या समाजातले आईवडील आता बरेच जाऊ लागले आहेत. सहा महिन्यांचा मुक्काम असतो. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचा अर्धपुतळा पाहून डोळे भरून येतात, नायगरा पाहिला जातो, आणि उरलेले दिवस नातवंडे सांभाळण्यात जातात. पश्चिमेकडचा वाळवंटी मुलूख मात्र फारसे कोणी पाहत नाही. तो पाहण्यासारखा आहे. पण तिथले रस्ते दऱ्यांच्या कडेने जातात, आणि उंचीची भीती असलेल्या माणसाने ते कसे पार करावेत हे कोणी सांगत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

युटा राज्याचा दक्षिण भाग म्हणजे तांबड्या दगडाचे पठार. सुमारे अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वी इथे वाळूच्या टेकड्या होत्या. त्या दाबल्या जाऊन दगड झाल्या, मग पठार वर उचलले गेले आणि नद्यांनी ते कापत नेले. सह्याद्रीतला घाट चढताना दरीत झाडे दिसतात, धुके असते. डोळ्याला धरायला काहीतरी मिळते. इथे झाड नाही, धुके नाही. उन्हात दरीचा तळ स्वच्छ दिसतो. भिणाऱ्याला हीच अडचण आहे.

ही भीती मला लहानपणापासून. पाण्याच्या टाकीवर चढणारी पोरे पाहूनही माझ्या तळपायाला मुंग्या येत. लोक म्हणतात, मन घट्ट करा. पण यात शरीराचाही भाग आहे. आपण उभे राहतो तेव्हा तोल सांभाळायला डोळ्यांना जवळच्या स्थिर वस्तूंचा आधार लागतो. कड्यावर जवळ काहीच नसते, सगळे दूर असते. मग शरीर किंचित डोलते आणि मेंदू घाबरतो. जे टाळावे ते आणखी मोठे होते, हेही खरे. थोडे थोडे करून भीतीच्या समोर जाणे हाच डॉक्टरांचाही उपाय आहे.

आमच्या घरात एक निमित्त झाले. बारा वर्षांची मुलगी पुलावरून गाडी गेली की डोळे मिटू लागली होती. मुले भाषा शिकतात तशी भीतीही घरातूनच शिकतात. त्याच वर्षी माझी आई बीड जिल्ह्यातून आमच्याकडे फिनिक्सला आली होती. वय चौऱ्याहत्तर. वसंतातली आठवड्याची सुटी होती. ठरवले, की यंदा या दऱ्यांतून जायचे आणि गाडी मीच चालवायची. पत्नी उत्तम गाडी चालवते, पण ती म्हणाली, "तुम्ही शेजारी बसलात की तुम्हाला जास्त त्रास होतो." तिचे खरे होते. चालवणाऱ्याचे लक्ष रस्त्यात गुंतलेले असते, हाताला काम असते. शेजारी बसलेल्याला दरी पाहण्यावाचून दुसरे काम नसते.

पहिला धडा झायन राष्ट्रीय उद्यानात. पूर्वेकडच्या फाटकातून आत गेले की माउंट कार्मेलचा बोगदा लागतो. १९२७ साली काम सुरू होऊन १९३० साली तो खुला झाला. लांबी पावणेदोन किलोमीटरहून थोडी अधिक. कड्याच्या आतून, कड्याला समांतर असा तो खोदला आहे आणि मधे मधे दरीच्या बाजूला मोठ्या खिडक्या पाडल्या आहेत. फोडलेला दगड त्यांतूनच बाहेर ढकलत. आत दिवे नाहीत. अंधारात गाडी चालवता चालवता एकदम खिडकी येते, लख्ख तांबडा उजेड डोळ्यांवर पडतो आणि पुन्हा अंधार. बोगदा संपला की नागमोडी रस्ता दरीत उतरतो. पण रस्ता डांबरी, कडेला बुटकी दगडी भिंत, वेग कमी. भिणाऱ्याने सुरुवात इथून करावी.

इथे काही गोष्टी अनुभवाने सांगतो. अमेरिकेत गाडी उजव्या बाजूने चालते. म्हणून एकाच रस्त्यावर एका दिशेने जाताना आपण डोंगराला लागून असतो आणि उलट दिशेने दरीला लागून. घरी नकाशा पाहून शक्यतो डोंगर उजव्या हाताला येईल अशी दिशा निवडावी. वळणावळणाच्या घाटात ही सोय राहत नाही, दर वळणाला बाजू बदलते. पण लांबच्या रस्त्यावर फार फरक पडतो. नजर दरीत टाकू नये. जिकडे डोळे जातात तिकडे हात वळतात. पुढचे वळण जिथे संपते तिथे पाहावे. उतारावर ब्रेक दाबून धरू नये, खालचा गिअर टाकावा. इंजिनच गाडी आवरते. मागून कोणी घाईने येत असेल तर थांब्याच्या जागी बाजूला होऊन त्याला जाऊ द्यावे. त्यात कमीपणा नाही. डोंगरात घाई असलेल्या माणसाइतके धोकादायक जनावर दुसरे नाही.

आणि एक गोष्ट मला विहारात मिळाली होती. मज्झिम निकायात चौथे सुत्त आहे, भयभेरव सुत्त. जानुस्सोणी नावाच्या ब्राह्मणाला तथागत आपला बोधीपूर्वीचा अनुभव सांगतात. रात्री अरण्यात एकटे राहताना हरीण जवळ येई, मोर काटकी पाडी, वाऱ्याने पाने सळसळत, आणि भीती दाटून येई. तेव्हा त्यांनी ठरवले की चालत असताना भीती आली तर थांबायचे नाही, बसायचे नाही. चालता चालताच तिला संपवायचे. उभे असताना आली तर उभ्यानेच, बसलो असताना आली तर बसूनच. ज्यांना आपण गुरू मानतो त्यांनाही भीती वाटत होती आणि त्यांनी ती लपवली नाही, याचा मला फार आधार वाटतो. आपल्याकडे भिणाऱ्या पुरुषाला हसतात. बुद्धांनी ते लोकांसमोर सांगितले.

खरी कसोटी राज्य महामार्ग १२ वर होती. सुमारे दोनशे किलोमीटरचा हा रस्ता ब्राइस कॅन्यनच्या बाजूने जाऊन टोरी गावापर्यंत पोचतो. त्यात एस्कलांटे आणि बोल्डर या गावांमधला एक तुकडा आहे, त्याला हॉग्जबॅक म्हणतात, म्हणजे डुकराची पाठ. रस्ता डोंगराच्या कण्यावरून जातो. एका बाजूला दरी असती तर दुसऱ्या बाजूला सरकता आले असते. इथे दोन्ही बाजूंना दरी. कठडा बहुतेक ठिकाणी नाहीच.

माझे तळहात ओले झाले. श्वास वर अडकला. मागे मुलीने चेहरा आजीच्या पदरात घातला होता, ते आरशात दिसले. आई मात्र खिडकीतून खाली पाहत होती. आमच्या पिढीपेक्षा तिची पिढी कमी भिते की भ्यायला तिला सवडच मिळाली नाही, कोण जाणे. ती म्हणाली, "भेतोस कशाला रं लेकरा? खाली बघू नको, म्होरं बघ. रस्ता चांगला हाय." थोड्या वेळाने विचारले, "ह्यो दगुड कुणी फोडला असंल?"

हा प्रश्न आईच विचारू शकते. १९७२ च्या दुष्काळात तिने सरकारी कामावर रस्त्याची खडी फोडली आहे. मी तेव्हा झाडाला बांधलेल्या झोळीत होतो. तिला रस्ता दिसला की आधी तो करणारे हात दिसतात. मला जे माहीत होते ते मी चालवता चालवता सांगू लागलो, आणि सांगण्याच्या नादात डुकराची पाठ अर्धी सरली.

१९२९ नंतर अमेरिकेत मोठी मंदी आली. बेकार तरुणांना काम देण्यासाठी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३३ साली एक योजना काढली. तरुणांना छावणीत ठेवायचे, जंगलाची आणि रस्त्यांची कामे द्यायची. महिन्याला ३० डॉलर, त्यांतले साधारण २५ थेट घरी पाठवायचे. एस्कलांटेहून बोल्डरला जाणारा वरचा डोंगरी रस्ता, ज्याला हेल्स बॅकबोन म्हणतात, तो या पोरांनी केला. त्याआधी बोल्डर गावात टपालही खेचराच्या पाठीवरून येई. "म्हंजी आपल्या दुष्काळी कामावानीच," आई म्हणाली.

अगदी तसेच, आणि आणखी एका बाबतीत तसेच. त्या कायद्यात वंश वा वर्णावरून भेदभाव करू नये असे कलम होते. ऑस्कर डी प्रिस्ट या काळ्या लोकप्रतिनिधीने ते आग्रहाने घालून घेतले होते. तरीही काळ्या तरुणांच्या छावण्या वेगळ्या झाल्या. कलम कागदावर आणि पंगत वेगळी! आपल्या वाचकांना याचे वेगळे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही.

टोरीपासून पुढे कॅपिटल रीफ आणि हँक्सव्हिल. तो सगळा मुलूख सुंदर, पण भीतीच्या दृष्टीने सोपा. म्हणून पुढे जातो. एवढेच सांगतो की पेट्रोल आणि पिण्याचे पाणी भरून घ्यावे. पुढे पंपाचा भरवसा नाही आणि फोनही लागत नाही.

महामार्ग ९५ सोडून २६१ वर वळले की सीडर मेसा नावाचे सपाट पठार लागते. झुडपांतून सरळ डांबरी रस्ता. आणि मग एकाएकी पठारच संपते. पाटी येते, डांबर संपते आणि खडीचा रस्ता हजार फुटांहून अधिक खाली कोसळतो. हा मोकी डगवे. साधारण पाच किलोमीटरची वळणे, शंभर फुटांना अकरा फूट उतार, कठडा नाही. खाली तांबडे सुळके उभे असलेली दरी, आणि क्षितिजावर मॉन्युमेंट व्हॅली.

वर थांबून आम्ही चहा घेतला. थर्मास आईनेच भरला होता. मुलीला मी सांगितले, मला भीती वाटते आहे, तरी आपण सावकाश उतरू. तिला पुढे शेजारी बसवले आणि काम दिले : समोरून गाडी येते का ते पाहून सांगायचे. पहिल्या वळणाला ती कुजबुजली, चौथ्याला मोठ्याने ओरडली, "येतेय, पांढरा ट्रक!" आम्ही डोंगराच्या बाजूला थांबलो, ट्रकवाल्याने हात केला. माझे पाय थरथरत होते. भीती गेली नव्हती. गाडी मात्र खाली पोचली.

हा रस्ता पर्यटकांसाठी झालेला नाही. १९५८ साली एका खाण कंपनीने तो खोदला. व्हाइट कॅन्यन भागातल्या हॅपी जॅक खाणीतून युरेनियमचे खनिज मेक्सिकन हॅटजवळच्या कारखान्यात न्यायचे होते. आज जिथे फोटो काढतात तिथून अणुबॉम्बच्या काळात मालाने भरलेले ट्रक उतरत. खाली सॅन ह्वान नदीच्या पलीकडे नावाहो लोकांचा प्रदेश आहे; ते स्वतःला दिने म्हणतात. त्यांच्यातली हजारो माणसे त्या काळच्या युरेनियम खाणींत राबली. धुळीत काय आहे हे त्यांना सांगितले गेले नाही. पुढे फुप्फुसाच्या कर्करोगाने माणसे गेली. नुकसानभरपाईचा कायदा व्हायला १९९० साल उजाडले.

मेक्सिकन हॅट हे अगदी छोटे गाव. पलीकडच्या नावाहो प्रदेशात जीपगाड्यांच्या मागे प्लास्टिकच्या मोठ्या टाक्या ठेवून लोक पाणी नेताना दिसतात. अनेक घरांना आजही नळ नाही. १८६४ साली सैन्याने या लोकांना घरेदारे जाळून शेकडो किलोमीटर पायी हाकलत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्क रेडोंडो छावणीत नेले. चार वर्षांनी, १८६८ च्या तहाने, ते परत आले. त्या तहाच्या आधारे त्यांनी पाण्यासाठी दाद मागितली. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितले, की त्यांना पाणी मिळवून देण्यासाठी पावले उचलण्याचे बंधन तहाने सरकारवर टाकलेले नाही. नदी काठाने वाहते आहे. मुलीला महाडचा २० मार्च १९२७ पाठ्यपुस्तकाप्रमाणे पाठ होता. त्या टाक्या पाहून तिने मला जे प्रश्न विचारले ते पुस्तकात नव्हते.

रस्त्याच्या कडेला एक नावाहो बाई तळलेली भाकरी विकत होती. मैद्याची, भटुऱ्यासारखी फुगलेली, वर मध. ही त्यांची जुनी चीज नाही. छावणीत शिध्यात मैदा आणि चरबी मिळे, त्यातून बायांनी ती घडवली. आईने एक घास खाल्ला, पीठ किती वेळ भिजवता ते विचारायला मला लावले, आणि त्या दोघी हातवारे करत बोलू लागल्या. मला मधे काही काम उरले नाही.

जाणाऱ्यांनी एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर गाठावा. जुलैत ऊन चाळीस अंशांवर जाते आणि वळवाच्या पावसाने अरुंद घळींत अचानक लोंढा येतो. पाऊस झाला असेल तर मोकी डगवेवर जाऊच नये. मोठी घरासारखी गाडी असेल तरीही नको.

परतीला दोन रस्ते होते. एक खालून, सपाट, पूर्ण डांबरी. दुसरा डगवे चढून, पुन्हा पठारावरून. रात्री मुक्कामाला मुलीने नकाशा पसरून दुसऱ्यावर बोट ठेवले. चढण उतारापेक्षा सोपी असते, गाडी आपोआप हळू राहते. सकाळी ऊन चढायच्या आत, सातला आम्ही निघालो. पुढच्या सीटवर या खेपेस आई बसली.