श्रीलंका, व्हाया कालनिर्णय

पेणमध्ये गणपती बसेपर्यंत सुट्टीचं नाव काढायचं नाही. आमचा मूर्तींचा कारखाना. मी नोकरीला मुंबईत असलो तरी श्रावणातले वीकेंड रंगकामातच जातात. त्यामुळे श्रीलंका ठरली ती विसर्जनानंतरची. रोह्याच्या मित्राने धाटावच्या कंपनीत रजा टाकली आणि आम्ही चहावर बीच निवडायला बसलो. मे ते सप्टेंबर पाऊस तिकडेही नैऋत्येलाच झोडपतो. म्हणून गॉलवर काट, पूर्वेचं त्रिंकोमाली पक्कं. पहिल्याच संध्याकाळी थंडगार बिअर!

तेवढ्यात आईने कालनिर्णय पुढे केलं. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. आणि श्रीलंकेत दर पौर्णिमेला ‘पोया’ची सार्वजनिक सुट्टी. लोक पांढरे कपडे घालून विहारात जातात, दारूविक्री बंद. मित्राचा चेहरा बघण्यासारखा झाला.

‘‘पुढे पितृपंधरवडा. आजोबांची तिथी पंचमीला आहे,’’ आई म्हणाली.

हे मात्र माझ्या लक्षातच नव्हतं. चतुर्थीला परत यायचं, तर कोलंबोहून 260 किलोमीटरवरच्या त्रिंकोमालीत जेमतेम दोन रात्री मिळतात. तरी तिकिटं काढलीत. बॅगेत पांढरा कुर्ता ठेवलाय. मित्रानेही एक मागितलाय.