पर्यायी व्यवस्था नाही

एकतीस वर्षं मी आस्थापना शाखेत काढली, त्यातली बरीचशी रजेच्या टेबलावर. दुसऱ्यांच्या सेवापुस्तकांत रजेचा हिशोब मांडता मांडता माझं एक मत पक्कं होऊन बसलं होतं. रजा मागणारा माणूस कचेरीला अडचणीत टाकतो, आणि कचेरी सांभाळणं हे माझं काम. नियमही माझ्या बाजूचा होता. रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हे वाक्य मी किती टिपण्यांत लिहिलं असेल, त्याची गणती नाही.

ते मत आता माझं राहिलेलं नाही. ते बदललं आखातातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या रजेच्या नस्त्या वाचून.

वाचायला घेतल्या होत्या त्या खरं तर रागानं. इराणच्या किनाऱ्यावर बुशहरला इंग्रजांचा रेसिडेंट असे, आणि १८७३ पर्यंत तो मुंबई सरकारच्या हाताखाली होता. पुढे तो थेट हिंदुस्थान सरकारकडे गेला. मस्कत, बहरीन, कुवेत इथले पोलिटिकल एजंट त्याच्या हाताखाली. निवृत्तीनंतर आखाताचा इतिहास वाचायचा नाद लागला, त्यात या नस्त्या हाती आल्या. साहेब लोक महिनोन् महिने विलायतेला जाऊन बसत आणि मागे मुनशी, कारकून राबत, एवढंच मला त्यांतून सिद्ध करायचं होतं.

पण नस्ती उघडली आणि आपल्याच शाखेत आल्यासारखं वाटलं. कार्यभार कोणत्या तारखेला दिला, मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर, स्थानापन्न कोण, पदग्रहण अवधी किती, वेतनाचा फरक कुठे खर्ची घालायचा. सगळं ओळखीचं. रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हे वाक्य तर १९२२च्या मूलभूत नियमांत जसंच्या तसं आहे. म्हणजे ते साहेबालाही लागू होतं.

मग फरक कुठे होता? तो कळायला मला बरेच दिवस लागले. साहेबाचा अर्ज आला की रजा द्यावी की नाही यावर कागद फार थोडा खर्च होई. जवळजवळ सगळा पत्रव्यवहार एकाच प्रश्नावर चाले: त्याच्या जागी कोण? अमुक अधिकारी शिमल्याहून कधी मोकळा होईल, मुंबईहून बसऱ्याकडे जाणारी टपालाची आगबोट त्याला कराचीत गाठता येईल का, तो पोचेपर्यंत चार दिवस कोणी बघायचं. तिजोरीच्या किल्ल्या, संकेतलिपीची पुस्तकं आणि रोख शिल्लक हातात पडल्याशिवाय पहिला माणूस हलत नसे. हलायचा तेव्हा मात्र हलायचा. बदली माणूस शोधण्याचं ओझं अर्ज करणाऱ्याच्या डोक्यावर नव्हतं, सरकारच्या डोक्यावर होतं. सनदी सेवेची पदसंख्या ठरवतानाच रजेवर जाणाऱ्यांसाठी जादा माणसं धरलेली असत. रजा राखीव म्हणतात त्याला, आजच्या प्रशासकीय सेवेतही ते आहे. माणसं रजेवर जाणारच, हे आधीच मोजून ठेवलेलं होतं.

आणि आखातातला उन्हाळा काय होता, हेही मला ठाऊक नव्हतं. उन्हाळ्यातच मोत्यांचा हंगाम असे. माणूस सर्वांत थकलेला आणि समुद्र सर्वांत गजबजलेला, दोन्ही एकाच वेळी. १९३२च्या जुलैत ह्यू बिस्को हे रेसिडेंट शारजाला विमानमार्गाच्या वाटाघाटीसाठी निघाले आणि वाटेत जहाजावरच वारले. कुवेतच्या हॅरल्ड डिक्सन यांनी बोलणी पुरी केली, त्याच महिन्यात करार झाला. बिस्कोंबद्दल वाचलं त्या रात्री माझा साहेबांवरचा राग ओसरला. त्यांना रजा मिळे, यात चुकीचं काही नव्हतं. तशी सोय सगळ्यांसाठी नव्हती, चूक तिथे होती.

आणि ती चूक मी स्वतः केली आहे.

आमच्याकडे आवक-जावक बघणारा एक लिपिक होता. दर जूनमध्ये त्याचा अर्ज यायचा. फुलस्केप कागद दुमडून केलेला समास, खाली जपून काढलेली सही. वीस दिवस अर्जित रजा, कारण: वडिलांसोबत आषाढी वारी. वडील वर्षानुवर्षं दिंडीत चालणारे, आता एकदा मुलानं बरोबर चालावं एवढीच त्यांची इच्छा. जूनमध्ये बदल्या होऊन गेलेल्या असत, पावसाळ्याचा नियंत्रण कक्ष सुरू झालेला असे, निम्मी टेबलं रिकामी. मी टिपणी ठेवायची, ‘पर्यायी व्यवस्था नसल्याने रजा मंजूर करणे उचित होणार नाही.’ आमचे साहेब सही करायचे. अशी चार वर्षं. पाचव्या वर्षी अर्ज आला नाही. मला वाटलं, माणूस समजूतदार झाला.

पर्यायी व्यवस्था नव्हती, हे खरं. पण ती करायची कोणी? त्या चार वर्षांत मी एकदाही रजा राखीव पदाचा प्रस्ताव वर पाठवला नाही. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला आवक-जावक शिकवून ठेवलं नाही. वारीची तारीख कितीतरी आधी पंचांगात छापलेली असते. बुशहरला तारेवर तारा करून माणूस आणवत होते, आणि मला जिन्याखालच्या शाखेतून एक माणूस वीस दिवस मागून घेता आला नाही. घेता आला नाही असं तरी का म्हणू? मी मागितलाच नाही.

तो निवृत्त झाला तेव्हा त्याचं सेवापुस्तक माझ्याच टेबलावर आलं. खात्यावर कमाल तीनशे दिवस, त्याचं रोखीकरण. त्यावरची सगळी रजा व्यपगत. ती नोंद मी सुवाच्य अक्षरात केली, तारीख घातली आणि खाली आद्याक्षरं केली. हात जराही अडखळला नाही.

गेल्या महिन्यात नंबर शोधून त्याला फोन केला. मी ओळख सांगितली तशी तो आदरानं म्हणाला, “बोला ना मॅडम.” मी त्याला त्या अर्जांचं सगळं सांगितलं, माझी चूक झाली असं म्हटलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “पाचव्या वर्षी वडिलांचे गुडघे गेले, मॅडम. म्हणून अर्ज दिला नव्हता.”

आता तो दर वर्षी जातो. वडिलांचे टाळ पिशवीत असतात, म्हणाला.