टॅपेटची फट

नानांची गाडी रात्रभर अंगणात गार होऊ दिली आणि सकाळी चालू न करता, ढकलतच भडगावातल्या मिस्तरीकडे नेली. टॅपेट गरम इंजिनावर बघायचे नसतात. पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, मग फिलर गेजची पाती सरकवायची. रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची! रॉकर झिजला की ती वाढते, टकटक ऐकू येते. मला धास्ती उलट झिजेची. व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत जातो, फट मिटते, आवाज थांबतो; आणि नीट न टेकणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटला उष्णता देऊ शकत नाही, म्हणून जळतो. याच गाडीला दुधाचे कॅन लावून नाना वर्षानुवर्षं गिरणेचा पूल ओलांडायचे.

एक्झॉस्टकडे पाती शिरलीच नाही. मिस्तरीनं लॉकनट सैल केला. मी श्वास रोखून उभा.