जुन्या कॉम्प्युटरला किती वॅट?

मनोरीच्या खाऱ्या हवेत खिडकीचे गज टिकत नाहीत, तिथे कॉम्प्युटरचा एसएमपीएस किती टिकणार? आमचा डेस्कटॉप २०११ सालचा, आय-५ २४०० प्रोसेसरचा. त्यावर बारावीतली मुलगी अभ्यास करते, आम्ही शाळेचे पेपर टाइप करतो. हल्ली तो मध्येच बंद पडू लागला. नव्याचे पैसे तर तिच्या फीसाठी ठेवलेले. दुकानदार म्हणाला, "सर, ६५० वॅटचा एसएमपीएस घ्या, बिनधास्त राहा." अब्बांना धास्ती वेगळीच, वीजबिल वाढेल!

तसे होत नाही. वॅट म्हणजे देण्याची ताकद. मशीन लागेल तेवढेच घेते. आम्ही कागदावर बेरीज मांडली. प्रोसेसर ९५, वेगळी केबल न लागणारे ग्राफिक्स कार्ड जास्तीत जास्त ७५, बोर्ड, हार्ड डिस्क, पंखे मिळून धरा ५०. झाले २२०. निम्मे आणखी राखीव धरले तरी ३३०. मग ६५० कशाला?

मात्र खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका, लेबल वाचा. प्रोसेसर आणि कार्डचा भार मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवर असतो. खोक्यावर ४५० आणि १२ व्होल्टपुढे १४ अँपिअर लिहिले असेल, तर गुणाकार फक्त १६८ वॅट! (पेंटियम ४ च्या आधीची मशीन ५ व्होल्टवर जास्त अवलंबून असत, त्यांचे गणित वेगळे.)

लॅमिंग्टन रोड गाठायचा तर आधी मार्वेची होडी, मग मालाडहून लोकल. म्हणून लेबलाचा फोटो आधीच मागवला. १२ व्होल्टला ३० अँपिअर, म्हणजे ३६० वॅट. तोच घेतला. आता घराचे अर्थिंग तपासायचे आहे. इलेक्ट्रिशियन रविवारी येणार आहे.