पत्र्याखालच्या बाटल्या

विहिरीवर लिंबाची दोन-चार झाडे असली की पावसाळ्यात घरात लिंबे मावत नाहीत, आणि एप्रिलात तीच लिंबे मेहकरच्या बाजारातून मोजून आणावी लागतात. कागदी लिंबाचा आंबिया बहार पावसाळ्याच्या तोंडाशी उतरतो. उन्हाळ्यात फळ देणारा हस्त बहार झाड फारच थोडा धरते. म्हणून पावसाळ्यात स्क्वॅश करून ठेवावे, असे मी गावोगावच्या बैठकांत सांगतो. १ लिटर रस, २ किलो साखर, १ लिटर पाणी. पाक गार झाल्यावर त्यात रस आणि २ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. कृती भगिनींना चटकन येते. खरी परीक्षा बाटली भरल्यानंतरची.

तालुक्यातल्या एका बचत गटाने कर्ज काढून बाटल्या भरल्या. माल उन्हाळ्यातल्या यात्रेत विकायचा होता. जागा नाही म्हणून बाटल्या पत्र्याच्या खोलीत रचल्या. मार्च सरता सरता झाकणे उडू लागली आणि एका रात्री तीन बाटल्या फुटल्या. "साहेब, यात भूत शिरलं का हो?" गटातल्या आजींनी विचारले.

भूत नव्हे, यीस्ट. डोळ्यांना न दिसणारी ही जिवंत बुरशी. बाटली नीट उकळलेली नसली, औषध कमी पडले, की ती आत राहते. २५ ते ३५ अंशांत तिचे चांगलेच फावते. साखर खाऊन ती मद्यार्क आणि कर्बवायू सोडते. कोंडलेला वायू काच फोडतो. शिवाय उष्णतेने औषधाचा जोर लवकर सरतो व रस तपकिरी पडतो.

परदेशात घरी बिअर करणारे लोक हेच मुद्दाम घडवतात. बाटलीत थोडी साखर घालून ती साधारण २० अंशांवर दोन आठवडे ठेवतात आणि वायू धरला की थंड जागी हलवतात. साखर जास्त झाली किंवा बाटली उष्ण जागी राहिली तर त्यांचीही काच फुटते. आपल्याकडे परवान्याशिवाय दारू करणे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा ती विद्या सरबतात नकोच!

गटाच्या उरलेल्या बाटल्या आम्ही एकेक उघडून पाहिल्या. आंबूस वासाच्या सगळ्या ओतून दिल्या. बायकांचे चेहरे उतरले. कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. चांगल्या निघालेल्या बाटल्या मातीच्या भिंतींच्या माजघरात, अंधारात, जमिनीवर ठेवल्या. त्या यात्रेपर्यंत टिकल्या.

मग गटाने शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधला. ही युक्ती दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची. विटांची दुहेरी भिंत, मधल्या साडेसात सेंटिमीटर फटीत वाळू, वर गवताचे झाकण, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी. भर उन्हाळ्यात आत बाहेरपेक्षा १० ते १५ अंश कमी राहतात. आपली हवा कोरडी, म्हणून पाणी झपाट्याने उडते आणि गारवा चांगला धरतो. कोकणच्या दमट हवेत इतका गुण येत नाही. मात्र आतल्या ओलीने पत्र्याची झाकणे गंजतात, चिठ्ठ्या सुटतात. बाटलीचे तोंड वितळलेल्या मेणात बुडवावे, आणि चिठ्ठी विकायला नेताना चिकटवावी.

वाळूवर पाणी मारायची पाळी आजी अजून कोणाला देत नाहीत.