सही करणारी नजर

चि. अमेय यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ट्रेनिंग संपवून स्क्वाड्रनमध्ये आलास, पण सार्जंट कशालाच एकट्याने हात लावू देत नाहीत, केलेलं काम पुन्हा पुन्हा तपासतात, ही तुझी तक्रार. मी थोडी त्यांची बाजू घेतो.

लॉकिंग वायरचंच बघ. पीळ घालायला दुपारभरात येतं. पण नट सैल व्हायला लागला तर वायरीने त्याला आवळायच्या दिशेनेच ओढलं पाहिजे. उलटी बांधलेली वायर दिसते सुबक, पण काही धरत नाही. पॅनेल बंद व्हायच्या आत हे टिपणारी नजर पुस्तकातून येत नाही, आणि विमानाच्या देखभालीची नोंद ठेवणाऱ्या फॉर्म 700 वरची सही त्या नजरेच्या भरवशावर होते. म्हणून नवा मुलगा आला की सुरुवातीला युनिटचं काम हलकं होत नाही, उलट वाढतं.

अमेरिकेच्या हवाई दलाला याचा चांगलाच अनुभव आला. 2015 मध्ये विमानांची देखभाल करणारे सुमारे 4,000 लोक त्यांना कमी पडत होते. भरती वाढवून दोन वर्षांत बहुतेक जागा भरल्या. तरी 2019 मध्ये तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षकांनी दाखवून दिलं, की अनुभवी हातांची चणचण कायम आहे. हजेरीपट भरला, पण शिकवायचं कुणी?

आमच्या वेळी एअरमनची पहिली मुदतच 20 वर्षांची असे. 2022 च्या अग्निपथ योजनेत ती 4 वर्षांवर आली, आणि पुढे कायम होणार जास्तीत जास्त 25 टक्के. पेन्शनचा वाद बाजूला ठेव. मला खटकतं ते असं, की हाताखाली तयार झालेला मुलगा उपयोगी पडू लागतो तोच निघायची वेळ येते, आणि सार्जंट पुन्हा श्रीगणेशा करतो. तांत्रिक ट्रेडमध्ये तरी कायम होणाऱ्यांचं प्रमाण वाढवायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ते ठरवणं तुझ्या हाती नाही. तू एवढं कर: आधी विचार, मग पाना लाव. काम संपलं की हत्यारं मोज. एखादं सापडेना तर लगेच सांग. बोलणी खावी लागतील, विमान थांबेल, थांबू दे. आणि पुढच्या बॅचच्या पोरांना वायर बांधायला तूच शिकव. सार्जंटचा तेवढा वेळ वाचेल आणि तुझीही नजर तयार होईल.

तुझा,
मामा

ता. क. दिवाळीच्या रजेचं काय ते आईला कळव. ती रोज मला विचारते.