शिंदीची काकवी

थंडी पडली की तलासरीकडच्या बांधांवर शिंदीची झाडं तासायला घेतात. एका अंगाच्या झावळ्या काढायच्या, शेंड्याखालचा कोवळा गाभा सोलायचा, तिथे खाप घेऊन मडकं बांधायचं. या रसाची पुढे बहुतेक ताडीच होते. आम्ही झाडं तासणाऱ्या परवानाधारक काकांकडून नीरा, म्हणजे न आंबलेला ताजा रस, आणतो आणि घरी आटवतो.

काका मडक्याला आतून चुना फासतात आणि उजाडायच्या आत ते उतरवतात. "ऊन चढलं की ती तुमच्या कामाची नाही, बाई," असं त्यांचं म्हणणं. चुन्याने आंबणं लांबतं, थांबत नाही. म्हणून घरी आली की गाळून थेट रुंद पातेल्यात. फेस काढत राहायचं. रंग आधी पिवळसर, मग मधासारखा होतो. दहा लिटर नीरेची जेमतेम लिटरभर काकवी उरते, आणि सरपण भरपूर जातं.

दुकानात मिळणारं खजुराचं सिरप वेगळं. ते फळाचं, त्यात मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. आपल्या शिंदीच्या फळाला गर इतका पातळ, की त्याचं सिरप काढणं परवडायचं नाही. तिची गोडी खोडातल्या रसात, आणि ती बरीचशी उसात असते त्याच साखरेची. म्हणून मधुमेह असलेल्याला ही काकवी चालेल असं मी कुणालाच सांगत नाही. मला ती हवी असते चवीसाठी: थोडी धुरकट, किंचित खारट. तांदळाच्या पानगीत ती गुळापेक्षा छान लागते. खिरीत मात्र आच बंद करून, दूध जरा निवल्यावरच घालते, नाहीतर फाटायची भीती. बंगालात याच झाडाच्या रसाचा नोलेन गूड करतात आणि त्याच्या संदेश मिठाईसाठी लोक थंडीची वाट बघतात.

असा गूळ करायचं काम आपल्याकडेही झालेलं आहे. गांधीजींच्या प्रेरणेने गजानन नाईक यांनी ताडगुळाचा उद्योग उभा करण्यासाठी आयुष्य घातलं. खादी ग्रामोद्योग आयोगाचं नाईकांच्या नावाचं प्रशिक्षण केंद्र इथून जवळ डहाणूतच आहे. तरीही इथल्या किराणा दुकानात शिंदीची काकवी मला कधी दिसली नाही.

काका झाड काही दिवस तासतात, मग तितकेच दिवस विसावू देतात. नीरेसाठी त्यांना चुना लावावा लागतो, अंधारात चढावं लागतं, वेळेत पोचवावं लागतं. म्हणून मी त्यांना ताडीपेक्षा जास्त भाव देते, आणि मागणाऱ्या शेजारणींनाही तोच सांगते.